फुलायची थांबलेली लिली : कुंडी बदलण्याच्या एका प्रकरणाचा अभ्यास

कोथरूडमधील एका जुन्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर, पश्चिमेकडे उघडणाऱ्या गॅलरीत, बारा इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत वाढणारी लाल लिली दर वर्षी होळीच्या सुमारास फुलत असे. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी तिला एकही दांडा आला नाही. पाने मात्र भरपूर होती, किंबहुना पूर्वीपेक्षा लांबच होती. घरातील आजी, सोसायटीचे माळीकाका आणि गॅलरीत डोकावून गेलेले शेजारी या सर्वांचे निदान एकच होते, ते म्हणजे कुंडी लहान पडली आहे. जानेवारी २०२३ मध्ये कुंडी बदलण्यात आली, २०२४ च्या मार्चमध्ये फुले आली आणि निदान बरोबर होते असे सर्वांनी धरून चालले. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. कुंडी बदलणे आवश्यकच होते, पण ते वेगळ्या कारणांसाठी. फुले थांबण्याचे मुख्य कारण कुंडीत नसून कुंडीच्या डोक्यावर होते, आणि ते इतके दिवस कोणाच्या लक्षात आले नाही याचे कारण या झाडाच्या वाढीच्या पद्धतीतच आहे.

झाड आणि त्याचा हिशेब

ज्याला पुण्यातील घरांत सरसकट लिली आणि रोपवाटिकांत अमरिलिस म्हणतात, ते हे झाड म्हणजे दक्षिण अमेरिकेतून जगभर गेलेले हिप्पिअ‍ॅस्ट्रम. प्रस्तुत कुंडीतील मूळ कंद दहा-बारा वर्षांपूर्वी एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनातील एका स्टॉलवरून आणलेला होता. ओळख नेमकी असणे येथे महत्त्वाचे आहे, कारण लिलीवर्गातीलच दुसरा कंद, मे फ्लॉवर, हिवाळ्यात पाने पूर्ण टाकून जमिनीखाली झोपतो, तर पुण्याच्या सौम्य थंडीत पाणी मिळत राहिल्यास हिप्पिअ‍ॅस्ट्रमची पाने बहुधा टिकून राहतात. त्यामुळे एकाची काळजी दुसऱ्याला लागू करता येत नाही.

हा कंद कांद्याप्रमाणेच पानांच्या जाड झालेल्या बुडख्यांचा बनलेला असतो. पान वर हिरवे असेपर्यंत अन्न तयार करून खाली बुडख्यात साठवते, आणि वरचा भाग वाळून गेल्यावरही ते बुडखे कंदाचा एक थर म्हणून शिल्लक राहते. साधारण चार पाने तयार झाली की त्यांच्यापाठोपाठ कंदाच्या आत फुलांच्या दांड्याचा अंकुर धरतो, पुन्हा चार पाने, पुन्हा एक अंकुर, असा हा क्रम चालतो. परंतु अंकुर धरणे आणि दांडा बाहेर येणे यांत सुमारे वर्षभराचे, कधी त्याहूनही अधिक अंतर असते. त्या काळात कंदातील साठा अपुरा पडला तर अंकुर आतल्या आत सुकून जातो आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो कधी होता याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे आज दिसणारे फूल हे मागील पावसाळ्यात, आणि काही अंशी त्याच्याही आधीच्या पावसाळ्यात, पानांनी केलेल्या कमाईवर आलेले असते. या हिशेबामुळे दोष घडल्यानंतर त्याचा परिणाम दिसायला एक-दोन हंगाम लागतात, आणि तोपर्यंत दोष कोणता होता हे घरातील माणसे विसरून गेलेली असतात.

काय बदलले होते

आजींकडून मागील काही वर्षांची हकिगत क्रमाने विचारून घेतली तेव्हा तीन गोष्टी पुढे आल्या.

पहिली गोष्ट म्हणजे दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत या लिलीची लोंबणारी पाने दर वर्षी कात्रीने छाटली जात. ही सवय वाईटच, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील स्वच्छ उन्हात हिरवी पाने सर्वाधिक उपयोगी पडतात. तथापि ही छाटणी झाड भरभरून फुलत होते त्या वर्षांतही होत असे, तेव्हा तिच्यावर सगळा ठपका ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात महापालिकेचे पाणी कमी पडले की सोसायटीत बोअरचे पाणी वापरले जाते. ते जड असल्यामुळे मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटे चढली होती. हे खरे असले तरी बोअरही जुनेच.

तिसरी गोष्ट आजींनी विचारल्यावाचून सांगितली नाही, कारण तिचा लिलीशी संबंध असेल असे त्यांना वाटलेच नव्हते. एप्रिल २०१९ मध्ये दुपारच्या उन्हाने गॅलरीतील फरशी तापते म्हणून ग्रिलला बाहेरून हिरवी जाळी बांधून घेण्यात आली होती. ती ७५ टक्के सावलीची होती, म्हणजे तिच्यातून जेमतेम चतुर्थांश उजेड आत येतो. जाळी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी पक्की आवळलेली होती आणि काढायची तर शिडी लावून कोणालातरी ग्रिलवर चढवावे लागले असते. त्यामुळे उन्हाळ्यासाठी बांधलेली जाळी पावसाळ्यातही तशीच राहिली आणि पुढील वर्षीही. पुण्यात जून ते सप्टेंबर आभाळ बहुतेक झाकोळलेलेच असते. त्या मुळातच अपुऱ्या उजेडाचा चौथा हिस्सा, तोही दुपारनंतरच ऊन येणाऱ्या गॅलरीत, एवढ्यावर या झाडाने वर्षाची बेगमी करायची होती. लांबलेली, मऊ पडून लोंबणारी पाने ही भरभराटीची खूण नव्हती. झाड उजेडाच्या शोधात ताणले जात होते.

आता क्रम लावून पाहावा. २०१९ ची फुले जाळी बांधण्यापूर्वीच येऊन गेली होती. मार्च २०२० मध्ये दोन दांडे आले, पण एरवी दांड्याला चार फुले असत तेथे दोनच होती. ही आधीच्या साठ्यावर आलेली फुले होत. २०२१ पासून काहीच नाही. जाळी आणि फुले बंद होणे यांच्यामध्ये हे एक फुललेले वर्ष येऊन गेल्यामुळे कोणालाही दोहोंचा मेळ घालावासा वाटला नाही. आणि दरम्यान पिल्लांच्या, म्हणजे मूळ कंदाला फुटलेल्या नव्या कंदांच्या, गर्दीने कुंडी डोळ्यांदेखत फुगत चालली होती, त्यामुळे आरोपी समोरच उभा होता. "आजी, कुंडी फुटायला आलीये, आता बदलूनच टाकू," हे माळीकाकांचे म्हणणे त्यांनी जे पाहिले त्यानुसार योग्यच होते.

मात्र हिप्पिअ‍ॅस्ट्रमला थोडी अडचण मानवते ही सर्वमान्य गोष्ट आहे. प्रशस्त कुंडीत एकटा कंद ठेवला तर न वापरलेली माती दीर्घकाळ ओली राहून मुळे कुजण्याचा धोका वाढतो. केवळ गर्दीमुळे दोन वर्षे एकही फूल येऊ नये, हे त्यामुळे पटण्यासारखे नव्हते.

कुंडी उलटी केल्यावर

कामासाठी जानेवारीचा शेवटचा आठवडा निवडण्यात आला. मे महिन्यात, फुले येऊन गेल्यावर, कुंडी बदलण्याचा सल्लाही दिला जातो आणि थंड प्रदेशांत तो ठीक आहे. परंतु पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ३८ ते ४० अंशांवर असताना दुखावलेल्या मुळांना नव्या मातीत रुजायला लावणे हे लेखकाच्या मते विनाकारण जोखीम घेणे आहे. जानेवारीअखेर रात्रीची थंडी ओसरू लागते, झाड जवळजवळ स्वस्थ असते आणि नवी मुळे फुटण्याचा काळ तोंडावर असतो. आदल्या आठवड्यात पाणी बंद ठेवले होते, म्हणजे मातीचा गोळा आक्रसून कडांपासून सुटतो.

प्रत्यक्षात तो सुटला नाही. प्लॅस्टिकची कुंडी कंदांच्या दाबाने लंबगोल झाली होती आणि मुळांनी तळातील भोकांतून बाहेर पडून बशीत वेढे घातले होते. स्वयंपाकघरातील जुनी लांब सुरी कडेने फिरवूनही गोळा हलेना, तेव्हा शेवटी कुंडी उभी कापावी लागली. तिचा एक काप तळापर्यंत न नेता सोडला, जेणेकरून ती तारेने आवळून पुन्हा वापरता यावी. आतून जे निघाले त्यात माती थोडी आणि मुळेच अधिक होती. पेन्सिलीएवढी जाड, पांढरट मुळे एकमेकींत इतकी गुंतलेली होती की मधल्या भागात पाणी पोचतच नसावे, कारण तेथील माती काढताना कोरडी ठणठणीत भुकटी निघाली, तर तळाशी दोन इंच काळा, आंबूस वासाचा चिखल होता. मूळ लागवड करताना रोपवाटिकेतील लाल मातीत आवारातील काळी माती मिसळली होती. काळी माती कुंडीत ओली झाली की फुगते, वाळली की घट्ट ढेकूळ होऊन कडांपासून सुटते, आणि मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ बशीत उतरते. वरून नियमित पाणी देऊनही मध्यभाग कोरडा राहण्याचे कोडे यामुळे उलगडले.

मुळे कापून सुटी करण्याचा मोह येथे टाळावा लागतो. या झाडाची मांसल मुळे अनेक वर्षे टिकणारी असतात आणि तीही साठ्याचे काम करतात. शेवंतीची मुळे छाटतो तशी ती छाटली तर झाड एक हंगाम मागे जाते. गोळा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवला, माती विरघळू दिली आणि बोटांनी एकेक कंद वेगळा केला. फक्त कुजलेली, पोकळ झालेली मुळे काढली. हातमोजे घातले होते, कारण या कंदाच्या रसाने हात खाजतात. कंदात लायकोरिन हे विषारी द्रव्य असते आणि सुटे कंद कांद्यासारखेच दिसतात, तेव्हा ते वाळवायला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवू नयेत, ही सूचना आजींना आवर्जून करावी लागली.

एकूण बारा कंद निघाले. त्यांपैकी सात पिल्ले लहान होती. उरलेल्या पाच मोठ्या कंदांपैकी चारांचा घेर टेपने मोजला असता २६, २३, २२ आणि २१ सेंटिमीटर भरला. साधारण २० सेंटिमीटरच्या पुढचा घेर असलेला कंद फुलण्याच्या वयाचा मानायला हरकत नसते. पाचवाही त्यांच्याच बरोबरीचा होता, पण तळाची तबकडी, म्हणजे जिथून मुळे फुटतात तो कंदाचा बुडाचा भाग, मऊ पडून कुजली होती आणि पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकणांचा पांढरा कापूस साचला होता. तो वाचण्यासारखा नव्हता, म्हणून उभा चिरून पाहिला.

या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा त्या चिरलेल्या कंदात मिळाला. तबकडीजवळचे थर तपकिरी झाले होते, पण वरचा निम्मा भाग अजून पांढरा आणि घट्ट होता. त्या निरोगी थरांच्या मध्ये, एका बाजूला, नखाएवढी चपटी, कागदासारखी वाळलेली तपकिरी कळी दबलेली होती. तिच्या पलीकडे चार थर सोडून तशीच आणखी एक, किंचित लहान. म्हणजे या कुंडीतील कंद फुलांचे अंकुर धरतच होते. माती खराब होती, गर्दी होती, पाणी पोचत नव्हते, तरीही अंकुर धरण्याचे काम थांबले नव्हते. अंकुर पोसण्याइतकी शिदोरी मात्र त्यांना मिळत नव्हती. ही शिदोरी पाने कमावतात आणि पाने जाळीआड होती. कुजलेल्या तबकडीचाही त्यात काही वाटा असू शकतो, हे मान्य करूनही, कळ्या सुकल्या ते थर कुजीपासून दूर होते याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

नवी लागवड

निरोगी कंदांवरची सुटी वाळकी सालपटे काढली. पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या जुन्या दातघासणीने घासून काढले आणि ज्या जागी कंद एकमेकांपासून तुटले होते तेथे कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पूड लावून ते दोन दिवस सावलीत सुकू दिले. या घावांवर हळद लावण्याचीही पद्धत आहे. घाव कोरडा होणे महत्त्वाचे, बाकी मतभेदाचे फारसे कारण नाही.

कुंड्या मातीच्या घ्याव्यात हा आग्रह लेखकाचा होता. भाजलेल्या मातीच्या कुंडीतून ओल कडेनेही उडते, त्यामुळे पावसाळ्यात मुळे कुजण्याची भीती कमी होते. उन्हाळ्यात पाणी जास्त वेळा द्यावे लागते हा त्याचा तोटा. कसबा पेठेतील कुंभारवाड्यातून दहा आणि आठ इंची कुंड्या आणल्या गेल्या. मिश्रणात दोन भाग लाल माती, एक भाग जुने, वास गेलेले शेणखत, एक भाग भरड वाळू व विटांचा बारीक चुरा, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड एवढेच घेतले. माळीकाकांनी सुचवलेला हाडांचा चुरा घेतला नाही. त्यातील स्फुरद आम्लधर्मी मातीत सावकाश विरघळते. जेथे माती चुनखडीची आणि पाणी बोअरचे, तेथे तो बराचसा तसाच पडून राहतो. चुलीची राखही याच कारणासाठी नको, कारण ती मातीचा अल्कधर्मीपणा वाढवते.

तळाशी विटांच्या तुकड्यांचा तीन बोटे जाड थर घालण्याची चाल पुण्यात घरोघरी आहे आणि ती मोडताना माळीकाकांचा चेहरा उतरला हे नमूद करायला हवे. पण कोणत्याही कुंडीत पाणी निथळून गेल्यावर मातीच्या तळाचा काही भाग संपृक्त राहतोच, आणि खाली जाड थर घातल्याने तो ओला पट्टा नाहीसा न होता उलट मुळांच्या दिशेने वर सरकतो. भोकावर एक बाकदार खापरी पालथी ठेवली की माती वाहून जात नाही, तेवढे पुरे.

कंद किती खोल बसवायचा हा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. जुन्या कुंडीत दर वर्षी वरून खत-माती घालत गेल्यामुळे कंद गळ्यापर्यंत, काही तर त्याहूनही खोल गाडले गेले होते, आणि पिठ्या ढेकणांना लपायला ती जागा आयती मिळाली होती. नव्या लागवडीत कंदाचा वरचा तिसरा भाग आणि संपूर्ण मान मातीच्या वर ठेवली. मुळे मुरगळून कोंबण्याऐवजी मध्ये मातीचा उंचवटा करून त्यावरून ती चहूबाजूंना पसरवली आणि मग माती भरली. एकदा भरपूर पाणी दिले. त्यानंतर नवे पान दिसेपर्यंत माती बोटभर खोल वाळल्याखेरीज पाणी द्यायचे नाही असे ठरले.

२६ आणि २३ सेंटिमीटरचे कंद दहा इंची कुंडीत एकत्र, ग्रिलजवळ ठेवले. २१ सेंटिमीटरचा आठ इंची कुंडीत लावून आजींच्या इच्छेनुसार दिवाणखान्यात उत्तरेकडील खिडकीत गेला. पिल्ले तारेने आवळलेल्या जुन्या कुंडीत. २२ सेंटिमीटरचा कंद वरच्या मजल्यावरील शेजारीण काकू मागून घेऊन गेल्या आणि त्यांनी तो गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या बादलीत, आवारातल्या काळ्या मातीत खोचून दिला.

पुढील वर्ष

२०२३ च्या उन्हाळ्यात कोठेही फूल आले नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती. जूनच्या पहिल्या पावसानंतर सोसायटीत रंगकामासाठी आलेल्या कामगाराकडून जाळी सोडवून घेतली आणि कड्या लावून ती गुंडाळता येईल अशी केली. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत ती खाली सोडायची आणि पाऊस सुरू होताच वर करायची. जुलैत पानांवर काळ्या अंगाच्या, पांढऱ्या व लालसर ठिपक्यांच्या अळ्या आल्या. लिलीवर्गातील झाडांवर पावसाळ्यात हमखास येणारा हा किडा रात्रीतून पान बुडापर्यंत खातो, आणि वर सांगितलेला हिशेब लक्षात घेता त्याने खाल्लेले प्रत्येक पान पुढील वर्षीच्या फुलातून वजा होते. आजींनी चिमट्याने अळ्या वेचल्या. दिवाळीत पाने छाटली नाहीत.

मार्च २०२४ मध्ये ग्रिलजवळच्या कुंडीतील मोठ्या कंदाला चार फुलांचा आणि दुसऱ्याला तीन फुलांचा दांडा आला. दिवाणखान्यातील कंदाने, माती तीच आणि कुंडी नवी असूनही, पानांपलीकडे काही दिले नाही. गच्चीवरच्या बादलीत, जेथे ना लाल माती होती ना पेंड, चार फुले आली.

एवढ्यावरून कायदा सांगता येणार नाही. दिवाणखान्यातील कंद चारांत सर्वांत लहान होता, गच्चीवरच्या कंदालाही गर्दीतून सुटका मिळालीच होती, आणि पाने न छाटण्याचा फायदा गॅलरीतील कंदांना झाला असणार. तरीही नव्या मातीत सावलीला राहिलेला कंद फुलला नाही आणि वाईट मातीत उन्हाला गेलेला फुलला, ही जोडी चिरलेल्या कंदातील वाळक्या कळ्यांशेजारी ठेवली की कुंडीकडे बोट दाखवणे अवघड होते. कुंडी बदलल्याने कुजीचा प्रसार थांबला, किडीची लपण्याची जागा गेली आणि पाणी मुळांपर्यंत पोचू लागले. जाळी तशीच राहिली असती तर या निरोगी कंदांनी निरोगी पाने देत आणखी काही वर्षे काढली असती, असे लेखकाचे मत आहे. माळीकाका अजूनही श्रेय कुंभारवाड्यातील कुंडीलाच देतात.

दिवाणखान्यातील कुंडी जून २०२४ मध्ये ग्रिलजवळ आणली गेली. पिल्लांना फुलण्याच्या आकाराला यायला दोन-तीन वर्षे लागतील, तोवर त्यांना वेगळे करण्याची घाई नाही. मोठ्या कुंडीला २०२६ पूर्वी हात लावण्याचे कारण दिसत नाही; दर जानेवारीत वरची दोन इंच माती मात्र खरवडून तेवढीच नवी घालायची, कंदाच्या माना उघड्या ठेवून.